दिवाळीचा किल्ला आणि आकाशकंदील : घरोघरची कार्यशाळा

सहामाही परीक्षा आटोपली की महाराष्ट्रातील अनेक गावांतून आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांतून मुले माती, विटांचे तुकडे आणि जुनी गोणपाटे गोळा करू लागतात. अंगणाच्या एका कोपऱ्यात दिवाळीचा किल्ला उभा राहतो. ओसरीवर कोणीतरी बांबूच्या कामट्या तासत बसते आणि आकाशकंदिलाचा सांगाडा आकार घेऊ लागतो. ही दोन्ही कामे आपल्या इतकी परिचयाची आहेत की त्यांत शिक्षणाचा काही अंश असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु थोडे खोलात जाऊन पाहिले तर भूगोल, भूमिती, मृदाशास्त्र, जलसंधारण आणि इतिहास हे सर्व विषय या दोन खेळांत एकत्र आलेले दिसतात. शिवाय आजोबा, आई-वडील आणि मुले एकाच कामावर हात लावून बसतात, असे प्रसंग आजच्या धावपळीच्या जीवनात फार उरलेले नाहीत.

अलीकडे या प्रथेला ओहोटी लागल्याचे चित्र दिसते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले आणि कारखान्यात बनलेले घडीचे कंदील बाजारात सहज मिळतात. ते विकत घेण्यात गैर काही नाही. पण विकत घेतलेल्या किल्ल्यातून माती का भेगाळते हे मुलाला कळत नाही आणि विकत घेतलेल्या कंदिलातून चौकोन का डळमळतो आणि त्रिकोण का डळमळत नाही याचा उलगडा होत नाही. हातांना काम नसेल तर डोक्यातील ज्ञान अर्धे राहते. म्हणून ही दोन कामे शास्त्रशुद्ध रीतीने कशी करावीत आणि त्यांतून काय शिकता व शिकवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विचाराची परंपरा

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्या राज्याला नवा नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तीतून ‘नयी तालीम’ची योजना आकारास आली. उद्योग हा शिक्षणाला जोडलेला वेगळा विषय नसून शिक्षणाचे माध्यम आहे, हे तिचे मूळ सूत्र होते. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी ते निष्ठेने वाढविले. परिसरात मिळणारी पाने, बिया, शंख, माती हीच तेथील बालवाडीची साधने होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि ‘करत करत शिकणे’ या तत्त्वावर ग्रामीण तंत्रशिक्षणाची पद्धत घडविली.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना शाळेची कल्पना मांडलेली आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे प्रत्यक्ष काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. दिवाळीपूर्वीचे आठ-दहा दिवस या उपक्रमाला जोडले तर स्वतंत्र खर्च जवळजवळ लागत नाही आणि गावातील बुरूड, कुंभार व गवंडी यांच्या कौशल्याला शाळेत मानाचे स्थान मिळते.

किल्ल्याची निवड

बहुतेक मुले ‘एक किल्ला’ करतात. कोणता किल्ला, असे विचारल्यास त्यांना सांगता येत नाही. पहिली सुधारणा येथेच करावी. कुटुंबाने प्रत्यक्षात असलेला एक किल्ला निवडावा, शक्यतो आपल्या तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील. २०२५ सालच्या जुलै महिन्यात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्या राज्यातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी हा बारावा. त्यांत डोंगरी किल्ले आहेत, किनाऱ्यावरचे आहेत आणि बेटावरचेही आहेत. एका आळीतील बारा घरांनी बारा किल्ले वाटून घेतले तर दिवाळीत ती आळी म्हणजे एक प्रदर्शनच होईल.

उदाहरणादाखल राजगड घेऊ. मध्यभागी उंच बालेकिल्ला, उत्तरेच्या अंगाला पद्मावती माची, पूर्वेकडे सुवेळा माची आणि पश्चिमेकडे लांबवर गेलेली संजीवनी माची, अशी त्याची रचना आहे. एक उंच मध्य आणि त्याला फुटलेल्या तीन सोंडा, हा आकार मुलांच्या लगेच लक्षात राहतो आणि मातीत उतरविण्यासही सोपा जातो. पद्मावती माचीवर तलाव आहे. सुवेळा माचीवर ‘नेढे’ म्हणून ओळखले जाणारे खडकातील आरपार छिद्र आहे. संजीवनी माचीवर दुहेरी तटाचे चिलखती बुरूज आहेत. बाहेरचा बुरूज शत्रूच्या हाती गेला तरी आतला शाबूत राहावा, ही त्यामागची योजना. मुलाने एकदा असा बुरूज मातीत घडविला की त्याचे प्रयोजन त्याला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

प्रमाण आणि नकाशा

निवडलेला किल्ला कागदावर उतरविणे ही दुसरी पायरी होय. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर असतात आणि समोच्च रेषा सामान्यतः दर २० मीटर उंचीला काढलेल्या असतात. समजा, आपण प्रतिकृतीसाठी १ : २,००० हे प्रमाण ठरविले. मग जमिनीवरचे २० मीटर म्हणजे प्रतिकृतीत एक सेंटिमीटर. अर्थात नकाशावरील प्रत्येक समोच्च रेषेमागे मातीचा एक सेंटिमीटर जाडीचा थर चढवावयाचा. पायथ्यापासून ४०० मीटर उंच असलेला गड या हिशोबाने २० सेंटिमीटर उंच होईल आणि माथ्यावरची दोन किलोमीटर लांबी एक मीटरमध्ये बसेल.

येथे मुलांना एक गोष्ट खटकेल. आपण पाहतो तो गड आकाशात घुसलेला दिसतो, मग प्रतिकृती इतकी बसकी का? डोळ्याला डोंगराची उंची असते त्यापेक्षा अधिक भासते, हे या निमित्ताने त्यांच्या लक्षात आणून द्यावे. हवी असल्यास उभी मापे दुप्पट करावीत. मात्र तसे केल्याचे पाटीवर नोंदवावे. नकाशाकारही अशी नोंद करतात.

प्रमाणाचा आणखी एक गमतीचा हिशोब आहे. कुंभाराकडून आणलेला मातीचा मावळा साधारण सात सेंटिमीटर उंच असतो. माणसाची उंची १७० सेंटिमीटर धरली तर या मावळ्याचे प्रमाण सुमारे १ : २४ पडते. तोच मावळा १ : २,००० प्रमाणाच्या गडावर उभा केला तर तो १४० मीटर उंचीचा ठरेल! म्हणून मावळे उभे करू नयेत असे नाही. ते उभे करावेतच. त्यांच्यावाचून किल्ला सुना वाटतो. पण गुणोत्तराचे असे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचित सापडेल.

समोच्च रेषा ही कल्पना अनेक मुलांना, आणि खरे सांगायचे तर काही मोठ्यांनाही, अवघड वाटते. तिच्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. चिकणमातीचा वीतभर उंचीचा डोंगर करून घमेल्यात ठेवावा. घमेल्यात दोन सेंटिमीटर पाणी ओतावे आणि पाण्याच्या कडेने काडीने डोंगरावर रेघ ओढावी. पुन्हा दोन सेंटिमीटर पाणी वाढवावे आणि दुसरी रेघ ओढावी. माथ्यापर्यंत असे करून पाणी काढून टाकावे आणि वरून सरळ खाली पाहावे. जे दिसते तोच नकाशा. कड्याच्या बाजूला रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि सौम्य उताराच्या बाजूला त्या विरळ असल्याचे मूल स्वतःच सांगेल.

मातीची परीक्षा

किल्ला भेगाळणे, खचणे किंवा पहिल्या पाण्यातच वाहून जाणे या नेहमीच्या तक्रारी होत. त्यांचे कारण बहुधा मातीत असते. देशावरील काळ्या मातीत पाण्याने फुगणारी आणि वाळल्यावर आकसणारी चिकणमाती पुष्कळ असते. उन्हाळ्यात शेताला जशा भेगा पडतात, तशाच त्या किल्ल्यालाही पडतात. कोकणातील जांभ्याची लाल माती इतकी फुगत नाही, त्यामुळे तिच्यात भेगा कमी पडतात.

आपली माती कशी आहे हे पाहण्यासाठी पारदर्शक बाटलीचा तिसरा हिस्सा माती भरावी, वर पाणी घालून बाटली चांगली हलवावी आणि सपाट जागी ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते; पोयटा काही तासांत बसतो; चिकणमाती त्याच्यावर सावकाश, अनेकदा दुसऱ्या दिवसापर्यंत बसत राहते. पट्टीने तिन्ही थर मोजावेत आणि मुलांकडून शेकडेवारी काढून घ्यावी. चिकणमातीचा थर फार जाड असेल तर मातीत वाळू, भाताचा किंवा गव्हाचा भुसा आणि थोडे शेण मिसळावे. वाळू आकसत नाही आणि भुशाचे तंतू मातीला धरून ठेवतात. धाब्याच्या घरांच्या भिंती आणि मातीच्या विटा घडविणाऱ्या कारागिरांनी हेच ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. वाळूच अधिक असेल तर तळ्यातील किंवा ओढ्यातील थोडा गाळ मिसळावा. मिश्रणाची मूठभर गोळी करून कमरेइतक्या उंचीवरून टाकावी. ती चपटी होऊन चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाली तर पाणी किंवा चिकणमाती कमी. दोन-चार तुकडे झाले तर मिश्रण जमले असे समजावे.

उभारणी

एक मीटर लांब-रुंद जागा पुरेशी आहे. ती भिंतीपासून हातभर दूर असावी, म्हणजे भिंतीला ओल लागणार नाही आणि सर्व बाजूंनी काम करता येईल. जमिनीवर खडूने चौकटी आखून नकाशावरील आकार त्यांत मोठा करून काढावा. नंतर विटा, दगड आणि डबर यांचा गाभा रचावा. सगळा किल्ला मातीचाच केला तर तो आत ओला राहून खचतो. गाभ्यावर गोणपाट मातीच्या पातळ राडीत बुडवून पांघरावे आणि हाताने दाबून दऱ्या-खोऱ्यांचे वळण द्यावे. गोणपाट वाळले की त्यावर मळलेल्या मातीचे थर खालून वर चढवीत जावे. एका दिवसात सर्व थर देऊ नयेत.

कोरड्या वाळूचा ढीग सुमारे ३४ अंशांपेक्षा अधिक उभा राहत नाही. त्यापुढे तो घसरतो. म्हणून कडे मातीचे न करता उभ्या लावलेल्या दगडी चिपांचे करावेत. सह्याद्रीचे खरे कडेही असेच, थरांवर थर असलेल्या कठीण बेसाल्ट खडकाचे आहेत. तटबंदी डोंगराच्या कडेकडेने वळत जाते, सरळ रेषेत धावत नाही, हे मुलांना दाखवावे. दरवाजा समोरून दिसू नये म्हणून तो दोन बुरुजांच्या आड वळणावर ठेवावा. पायवाट नागमोडी असावी.

पाणी आणि हिरवळ

गडाचे बळ तटात जितके असते तितकेच पाण्यात असते. रायगडावरील गंगासागर तलाव असो की अनेक गडांवरची खडकात खोदलेली टाकी असोत, पावसाळ्यात पडलेले पाणी वर्षभर पुरविण्याची ती योजना होती. टाके खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरला जाई. म्हणजे एकाच श्रमात पाणी आणि तट दोन्ही साधत. मातीच्या किल्ल्यावरही दोन-तीन टाकी करावीत. त्यांसाठी पणत्या बसविल्या तरी चालते.

हिरवळीसाठी अळीव आणि मोहरी पेरण्याचा प्रघात आहे. अळीव भिजले की त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि बी उतारावर चिकटून बसते. मोहरी मात्र उतारावरून घरंगळते. म्हणून उतारावर भिजवलेले अळीव आणि माच्यांच्या सपाटीवर मोहरी पेरावी. पेरणी वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी करावी आणि पाणी हाताने शिंपडावे, ओतू नये.

येथे मोठ्यांच्याही उपयोगाचा एक प्रयोग करता येतो. किल्ल्याचा एक उतार मुद्दाम उघडा ठेवावा, दुसऱ्यावर अळीव उगवू द्यावे आणि तिसऱ्यावर बोटाने उताराला आडव्या, समपातळीवरच्या बारीक चऱ्या काढाव्यात. पायथ्याला एकेक ताटली ठेवून तिन्ही उतारांवर झारीने सारखेच पाणी सोडावे. उघड्या उताराखालच्या ताटलीत गढूळ पाणी आणि गाळ जमेल. हिरव्या उताराखाली ते त्यामानाने स्वच्छ असेल. चरांच्या उतारावरून पाणी उशिरा आणि कमी येईल. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोट विकासाचे सूत्र आणि सलग समतल चरांचे महत्त्व ग्रामसभेत कितीही वेळा सांगितले तरी या तीन ताटल्यांइतके ते पटणार नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांनी डोंगरउतारावर पाणी अडवून जे साधले, त्याची ही लहान आवृत्ती आहे. गावात पाणलोटाची कामे चालू असतील तर दिवाळीत सरपंचांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावाच्याच शिवाराची अशी प्रतिकृती मुलांकडून करून घ्यावी.

आकाशकंदील : चोवीस कामट्यांची भूमिती

पारंपरिक आकाशकंदिलाचा एक देखणा आकार केवळ समान लांबीच्या २४ कामट्यांतून होतो. २० सेंटिमीटर लांबीच्या कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. एक चौकोन आडवा तळाशी ठेवावा. चार चौकोन टोकावर उभे करून त्यांचे खालचे टोक तळाच्या चौकोनाच्या एकेका कोपऱ्याला आणि बाजूची टोके शेजारच्या चौकोनांना बांधावीत. सहावा चौकोन वर आडवा ठेवून त्याचे कोपरे उभ्या चौकोनांच्या वरच्या टोकांना बांधावेत. चौकोनांच्या मधल्या जागी आपोआप आठ समभुज त्रिकोण तयार होतात. कंदिलाची उंची सुमारे २८ सेंटिमीटर आणि समोरासमोरच्या टोकांतील रुंदी ४० सेंटिमीटर भरते.

आता मुलांना मोजावयास सांगावे : कोपरे १२, कामट्या २४, बाजू १४. कोपरे आणि बाजू मिळून २६, म्हणजे कामट्यांपेक्षा दोन अधिक. खेळातील फाशाचे पाहा : कोपरे ८, बाजू ६, मिळून १४, कडा १२. येथेही फरक दोनच! अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तो सांगून पाठ करून घेण्यापेक्षा कंदील हातात धरून शोधू द्यावा.

कागद लावण्यापूर्वी सांगाडा डळमळतो. त्रिकोण आपला आकार सोडीत नाही, पण चौकोन दाबला की तिरका होतो. चार उभ्या चौकोनांवर आणि आठ त्रिकोणांवर कागद ताणून चिकटविला की सांगाडा ताठ होतो, कारण ताणलेला कागद चौकोनाला तिरके होऊ देत नाही. वरचा व तळाचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे दिव्याची उष्णता बाहेर जाते. कागद घोटीव किंवा पतंगाचा घ्यावा. चौकोनासाठी चारी बाजूंनी एक-एक सेंटिमीटर जास्त ठेवून २२ सेंटिमीटरचा तुकडा कापावा. चिकटविण्यास गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ उत्तम. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पूर्वी पद्धत होती. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते मुळीच घालू नये. खळ ताजी करून त्याच दिवशी संपवावी. कोपऱ्यांना करंज्या आणि खाली झिरमिळ्या लावल्या की कंदील पूर्ण होतो. सजावटीसाठी थर्माकोलच्या वापरावर राज्य शासनाने २०१८ साली बंदी घातलेली आहे. बांबू आणि कागद यांना तशीही त्याची गरज नाही.

त्रिकोणाचा धडा पुढे नेण्यासाठी रात्रभर भिजविलेले वाटाणे आणि खराट्याच्या काड्या पुरेशा आहेत. वाटाण्यात काड्या खोचून त्रिकोण, चौकोन, घन, मनोरे करता येतात. वाटाणे वाळले की सांधे घट्ट होतात. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी संबंध आल्यानंतर अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून अशीच रचना-खेळणी विकसित केली. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडविली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घराच्या छपराची कैची, विजेचा मनोरा आणि रेल्वेचा पूल यांत त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर या काड्या देतात.

घ्यावयाची काळजी

बांबू चिरणे आणि कामट्या तासणे हे काम मोठ्यांनीच करावे. तासलेल्या कामट्यांवर काचकागद फिरवून कुसळे काढावीत. पडून असलेले दगड, विटा आणि गोणपाटे उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावीत. पावसाळ्यानंतर त्यांखाली विंचू किंवा साप असण्याचा संभव असतो. मातीतील काच आणि खिळे वेचून काढावेत, कामानंतर हात साबणाने धुवावेत. कागदी कंदिलात तेलाचा दिवा ठेवू नये. कमी शक्तीचा एलईडी दिवा वापरावा आणि वायरीचा सांधा उघडा राहू देऊ नये. किल्ल्यावर फटाके उडविण्याचा मोह मुलांना होतो. त्यातून डोळ्यांत माती-खडे उडून इजा होते, म्हणून तो कटाक्षाने टाळावा.

सर्वांचा किल्ला

या आनंदाला एक दुसरी बाजू आहे आणि या मासिकाच्या वाचकांनी तिच्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. किल्ल्यासाठी अंगण लागते, आणि अंगण सर्वांना नसते. शहरातील एका खोलीच्या घरात, कामगारांच्या वस्तीत किंवा पालावर राहणाऱ्या मुलाने किल्ला कोठे करावा? ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारासच गाव सोडतात. त्यांच्या मुलांचा किल्ला मनातच राहतो. या मुलांना वगळून साजरा झालेला उपक्रम कितीही देखणा असला तरी तो अपुरा होय.

उपाय अवघड नाहीत. शाळेने सुट्टी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात पटांगणात एक सामाईक किल्ला उभारावा, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलांचेही हात त्याला लागतील. ग्रामपंचायतीने समाजमंदिराजवळची जागा आणि तळ्यातील गाळाची एखादी गाडी उपलब्ध करून द्यावी. साखरशाळा किंवा हंगामी वसतिगृह असेल तेथे कंदिलाच्या कामट्या आणि कागद पोचते करावेत. सदनिकेत राहणाऱ्यांनी जुन्या परातीत किंवा लाकडी खोक्यात १ : ५,००० प्रमाणाचा किल्ला करावा, एक किलोमीटर लांबीचा गड त्यात २० सेंटिमीटरमध्ये मावतो. तसेच किल्ला मुलग्यांचा आणि रांगोळी मुलींची, ही वाटणी आता सोडून द्यावी. नकाशा, माती आणि कामटी यांना मुलगा-मुलगी असा भेद ठाऊक नाही.

स्पर्धा घेतल्यास गुण देण्याची रीत बदलावी. विकत आणलेल्या सजावटीला गुण नसावेत. किल्ला ओळखू येतो काय, प्रमाण लिहिले आहे काय, पाण्याची योजना दाखविली आहे काय, मुले स्वतः माहिती सांगतात काय आणि कामात घरातील किती जणांचा हात लागला, या पाच गोष्टी पाहाव्यात. परीक्षक म्हणून गावातील गवंडी, कुंभार किंवा बुरूड यांना सन्मानाने बोलवावे. त्यांच्या शब्दाला मुले किती मान देतात हे पाहण्यासारखे असते.

उत्सवानंतर

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवून मग तो मोडण्याची अनेक ठिकाणी रीत आहे. मोडण्याचे कामही मुलांनीच करावे. गोणपाट धुऊन ठेवावे, विटा-दगड रचून ठेवावेत, माती परसात किंवा शेताच्या बांधावर पसरावी. भुसा आणि शेण मिसळलेली ती माती झाडांना चांगली असते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा किल्ला मात्र मातीत मिसळत नाही. तो कचऱ्याच्या ढिगात जातो. कंदिलाचा सांगाडा जपून ठेवल्यास पुढच्या वर्षी केवळ कागद बदलावा लागतो.

मोडण्यापूर्वी एका वहीत किल्ल्याचे नाव, प्रमाण, मातीच्या तीन थरांची मापे, अळीव उगवण्यास लागलेले दिवस आणि पुढच्या वर्षी करावयाच्या सुधारणा लिहून ठेवाव्यात. अशा वह्या चार-पाच वर्षांच्या जमल्या की त्या त्या गावच्या मातीची आणि ऋतूची ती चांगली नोंद होईल. शाळेच्या ग्रंथालयात त्यांना जागा द्यावी.

राज्याच्या विकासासाठी कुशल हातांची गरज आहे, असे आपण नेहमी म्हणतो. ते हात केवळ तंत्रनिकेतनांत घडत नाहीत. ज्या मुलाने मातीची गोळी टाकून तिची परीक्षा केली, २४ कामट्यांतून कंदील उभा केला आणि तीन ताटल्यांतील गढूळ पाणी पाहिले, त्याच्या हाताला काम आणि डोळ्यांना दृष्टी आलेली असते. येत्या दिवाळीत प्रत्येक शाळेने एक आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एक किल्ला मनावर घ्यावा. माती, बांबू आणि जाणती माणसे गावात आहेतच; त्यांना मुलांच्या भोवती एकत्र आणणे एवढेच काम उरते.